बारा माळांची वाटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुनी तांब्याची वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. माझ्यात ना आमटी राहते ना ताक. पण ते भोक पडलेलं नाही बरं का, मुद्दाम पाडलेलं आहे. बीडच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि सोनारानं सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात मला सोडलं की मी हळूहळू भरते आणि बरोबर एका घटकेनं बुडते. तेवढ्या वेळात तात्याबा गुरवाच्या बारा माळा जपून होत. एक मणी कमी नाही, एक मणी जास्त नाही.

निजामाची राजवट होती तेव्हा. धारूरच्या देवळात तात्याबा पुजारी होता आणि लग्नाचे मुहूर्त माझ्यावरच धरले जात. मग पाच गावांनी मिळून हुतूतूचे सामने सुरू केले. ज्वारीची रास घरात आली की किल्ल्याखालच्या पटांगणात पाचही गावं लोटत. पट्टीच्या गड्याला गाव वर्षाची ज्वारी देई, म्हणजे खेळ हा त्याचा अर्धा धंदाच म्हणा ना! जिंकणाऱ्या गावाला वर्षभर चांदीचं कडं मिळे. लागोपाठ तीन वर्षं जे गाव जिंकेल, कडं कायमचं त्याचं.

पहिल्या वर्षी कचेरीतल्या कुणाचं तरी खिशातलं घड्याळ आणलं होतं. ते ऐन सामन्यात बंद पडलं आणि दोन गावं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. तेव्हापासून वेळ माझ्याकडे आली. मी बुडाले की खेळ संपला.

पहिली दोन वर्षं माजलगावानं कडं नेलं. सिंदफणेच्या काठचे ते उंचेपुरे गडी, आणि त्यांचा म्होरक्या बिभीषण म्हणजे नुसता पहाड. मग धारूरला गहिनीनाथ मिळाला. डोंगर चढून-उतरून त्याचा दम असा वाढला होता की तो हुतूतू म्हणत शिरला की बाहेर पडायचं नाव घेत नसे. काय खेळायचा! आजही आठवलं की माझं तांबं तापतं. त्याच्या जोरावर धारूरनं सलग दोनदा कडं मिळवलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा शेवटचा सामना माजलगावाशीच ठरला.

त्याच्या आठ दिवस आधी गावात कल्हईवाला आला. तात्याबाची नवी सून सुंदरबाई हौशी पोरगी. सणासारखा सामना येतोय म्हणून तिनं घरातली सगळी भांडी उजळायला दिली, त्यात मलाही घातलं. तिच्या माहेरी असली वाटी कुणी पाहिली नव्हती. कल्हईचा एक पापुद्रा माझ्या भोकाच्या कडेला बसला. तात्याबानं मला उजेडाकडे धरून पाहिलं, भोकातून ऊन आलं, तो खूश झाला. माळ घेऊन तपासायचं मात्र राहून गेलं.

सामन्याच्या दिवशी घंगाळाशी बसलेल्या तात्याबाच्या बारा माळा जपून झाल्या तरी मी तरंगतच होते. मला कळत होतं हो, पण मी सांगणार कशी? तात्याबा चपापला. पण त्याचा स्वतःच्या बोटांपेक्षा माझ्यावर जास्त भरवसा. मणी चुकले असतील म्हणून त्यानं खेळ थांबवला नाही. माजलगाव एका गड्यानं पुढं होतं. तेराव्या माळेत गहिनीनाथ शिरला आणि एका दमात दोघांना बाद करून परत आला. मग मी बुडाले. धारूर जिंकलं. कडं गहिनीनाथच्या हातात चढलं आणि हलग्यांनी पटांगण दणाणून गेलं.

तात्याबानं मला पाण्यातून काढलं, उन्हात धरलं, आणि भोकाच्या कडेची पांढरी रेघ त्याला दिसली. बायकांच्या घोळक्यात सुंदरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तात्याबानं हात वर केला. हलग्या थांबल्या.

"खेळ बाराव्या माळेलाच सरला होता," तो म्हणाला. "वाटीचं भोक बारीक झालंय. मी तपासलं न्हाई. चूक माझी हाय."

सुनेचं नावही त्यानं घेतलं नाही. त्याच्याच गावचे लोक त्याच्यावर डोळे वटारून उभे होते. गहिनीनाथ गर्दीतून पुढं आला. मग त्यानं विचारलं, "बाराव्या माळेला कोण पुढं होतं?"

"माजलगाव. एका गड्यानं."

गहिनीनाथनं कडं उतरवलं आणि बिभीषणापुढं धरलं. पण बिभीषण असं फुकटचं घेणारा नव्हता. सकाळी पुन्हा खेळू, वाटीही तुमचीच आणि माळही तुमचीच, असं तो म्हणाला. सोनारानं तापल्या सुईनं माझं भोक मोकळं केलं, तात्याबानं मला तीनदा बुडवून माळ जपली, आणि सकाळी सामना झाला. धारूर दोन गड्यांनी हरलं.

गावात कितीतरी जण महिनोन्‌महिने तात्याबाशी बोलले नाहीत. सुंदरबाई बोलणी खायची वाट बघत होती. त्यानं तिला फक्त समोर बसवलं, हातात माळ दिली आणि मोजायला शिकवलं. पुढच्या वर्षी वेळेला कोण बसणार हे ठरवायची वेळ आली, तेव्हा तात्याबाचं नाव सगळ्यांच्या आधी माजलगावानं घेतलं. पुढं कडं पाचही गावांत फिरलं, पण कायमचं कुणाचंच झालं नाही.

बऱ्याच वर्षांनी तात्याबा गेला. बिभीषण तेव्हा पिकल्या केसांचा झाला होता. तो सुंदरबाईच्या दारात आला आणि आता तुम्हीच वेळेला बसा म्हणाला. तिनं मान खाली घातली.

"दादा, त्या सालची कल्हई मीच करून घेतली होती."

"ठावं हाय बाई. समद्या गावांला ठावं हाय," तो म्हणाला. "म्हणून तर आलो. तुमच्याइतकं ते भोक कोण तपासणार?"

ती बसली, मित्रांनो, आणि पुढं वीस वर्षं बसली. दर वर्षी सामन्याआधी ती मला तीनदा बुडवून बारा माळा जपायची, मगच पटांगणात न्यायची. आता मी फळीवर पडून आहे. कुणी मला हातात घेतलंत तर चकचकीत करायच्या फंदात पडू नका. तेवढं भोक मोकळं आहे ना, ते बघा.