इंजनबाबाचं लिंबू आणि बंद कॉक

बाजाराच्या दिवशी काष्टी गावाबाहेरच्या चिंचेखाली पाय ठेवायला जागा नसे. बाजारातून निघालेल्या मोटारसायकली नेमक्या तिथे येऊन गचके देत बंद पडत आणि इंजनबाबा त्यांना जिवंत करत. गाडी थांबली की बाबांचा चेला धावे, "हात लावू नका, बाधा अंगावर येईल." मग तो टाकीखाली वाकून लिंबू बांधे, बाबा "ओम पिस्टनाय नमः" असं काहीसं पुटपुटत आणि गाडी सुरू होई. दक्षिणा खुशीची, पण खुशी किती ते बाबा ठरवत.

माझी गाडी नवी, तिला बाधा कधी झाली नाही. मी गणिताचा मास्तर, तरी ही आपली पुण्याई असं समजत होतो. सांगायला लाज वाटते.

एका बाजारी गावातल्या काकासाहेबांची जुनी गाडी बंद पडली. बाबांनी डोळे मिटून कार्बोरेटर हुंगला. "ह्याला बाईचा हात लागलाय. त्या पोरीला गॅरेजातून काढा, मगच लिंबू बांधीन."

भागवत मिस्त्रीच्या गॅरेजात सुकन्या दोन महिन्यांपासून काम शिकत होती. कालच तिने पहिल्यांदा एकटीने हा कार्बोरेटर खोलून साफ केला होता. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं, बाबांना मात्र अंतर्ज्ञानाने कळलं.

गॅरेजात फोन गेला. भागवत सुकन्येला घेऊन आला. गिऱ्हाईकं तुटतील या धास्तीने त्याचं तोंड उतरलं होतं. "उद्यापास्नं येऊ नको," तो खाली बघत तिला म्हणाला. मला त्याचा राग आला आणि स्वतःचाही, कारण मीही तोंड उघडलं नाही.

"जाते मामा. पन आधी माझं काम बघू द्या," सुकन्या म्हणाली.

चेला आडवा आला. "झपाटशील."

"झपाटू दे," म्हणून ती गाडीपाशी उकिडवी बसली. "काकासाहेब, टाकीखालची ही पेट्रोलची तोटी, कॉक, बंद हाय. तुमी केलाय?"

"न्हाई बा."

"बाजारात गाडीपाशी कोन आलं हुतं?"

काकासाहेब चेल्याकडे बघायला लागले. "सकाळी ह्यानंच वाकून टाकीला अंगारा लावला. समद्यांच्याच गाड्यांना लावतोय."

सुकन्येने कॉक उघडला, जरा थांबून किक मारली. गाडी सुरू झाली.

"मग बाजारातून हितवर आली कशी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"कारबोरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल ऱ्हातं, तेवढ्यावर चालती. शिकायला लागले तवा मामांच्या हाताखाली वाटी साफ करून मी कॉक उघडायलाच इसरले हुते. ट्रायलला नेलेली गाडी एवढ्याच अंतरावर बंद पडली, ढकलत आनली. मामा लई हसले हुते."

भागवत मान डोलवू लागला. नव्या गाड्यांना असा कॉकच नसतो, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. माझी पुण्याई ती एवढीच.

"कॉक बाधेनंच बंद केला," बाबा म्हणाले.

"अंगारा लावताना बंद, लिंबू बांधताना चालू. बाधेला मिस्त्रीकाम येतंय म्हना की," काकासाहेब म्हणाले. लोक हसले आणि चेला गर्दीतून पसार झाला.

"उद्या येळेवर ये," भागवत सुकन्येला हळूच म्हणाला.

"येईन मामा. पन मगाशी समद्यांसमोर बोललात, आता माघारीबी समद्यांसमोरच घ्या."

भागवतने ते मोठ्याने माघारी घेतलं. बाबांनी डोळे मिटले म्हणून आपण मिटू नयेत. गाडी अडली तर आधी वाकून बघावं, आणि कुणाच्या हाताला दोष देण्याआधी कॉकला कुणाचा हात लागला होता ते विचारावं.