थरातली पावलं

मी एक जुना खडक आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका. माझ्या लहानपणी वर्षं मोजायलाच कुणी नव्हतं. तेव्हा मी खाडीकाठचा ऊबदार चिखल होतो. रोज पाणी यायचं आणि गाळाचा पातळ थर पसरून जायचं. मासा, पान, शिंपला, जे माझ्यावर पडलं ते मी पोटात घेतलं. परत मात्र कुणालाच सोडता आलं नाही.

एकदा एक मोठं जनावर माझ्यावरून गेलं. त्याच्या अंगाला लागून त्याचं पिल्लू चालत होतं. पुढे चिखल खोल होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग मी दगड झालो. माणसांनी खाण काढली आणि छिन्नीने माझे थर सोडवून फरश्या केल्या. "काय गुळगुळीत आहे!" असं कुणी म्हटलं, की मी फुगून जायचो.

फरश्या सोडवणाऱ्यांत एक मावशी होती. तिची मुलगी याच खाणीत साचलेल्या पाण्यात बुडाली होती. ती सापडलीच नाही. एके सकाळी मावशीच्या छिन्नीखाली त्या जनावराची आणि पिल्लाची पावलं उघडी पडली. मोठं पाऊल, शेजारी लहान.

"मावशी, खड्ड्यांची फरशी कोण घेणार? द्या फेकून," मुकादम म्हणाला.

"अहो, लेकरू आहे हे! कुठे गेलं ते तरी बघू द्या."

"आजच काय ते बघा. उद्या इथे खडीसाठी सुरुंग लागणार."

मावशीने शेजारची फरशी सोडवली. दोघं होती. त्यापुढचीही सोडवली. दोघं होती. ती हसली. मी जमेल तितका घट्ट झालो. छिन्नी दोनदा घसरली, पण मावशीचा हात कसलेला, थर सुटलाच.

त्या फरशीवर लहान पाऊल नव्हतं. मोठी पावलं होती, गोल गोल फिरलेली, एकावर एक पडलेली.

मावशी खाली वाकली. मग एका खळग्यात हात ठेवून म्हणाली, "किती शोधलंस गं बाई!"

पिल्लू तिच्या हाताखालीच होतं, जेमतेम वीतभर खोल. पण मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सुरुंग लागला. माझी खडी झाली आणि गावोगावच्या रस्त्यांवर गेली. मावशी आता फरश्या सोडवत नाही. खडीच्या ढिगाशी बसून एकेक दगड उलटून बघते.

मित्रांनो, रस्त्याच्या खडीत कधी बारीकसं दगडी हाड दिसलं, तर लाथेने उडवू नका. उचलून जपून ठेवा. त्याची आई शोधून शोधून थकली; मावशी अजून शोधते आहे.