रुखमाबाईची टोपली

चंद्रपुरातला जुना बाजार पाडला अन् बाहेरच्या पाहुण्यांसाठी तिथं परिषदांचं मोठं सभागृह बांधलं. माझं बांगड्यांचं दुकान त्या बाजारात होतं. आता त्याच जागेवर मी फरशी पुसते. शहर चमकलं म्हणतात. चमकवून कोण राह्यलं, मीच ना!

आत शिरलं की पहिल्या खांबापाशी आम्ही बाजारातल्या, आता इथं साफसफाई करणाऱ्या बाया वळसा घालतो. तिथं रुखमाबाई मोहफुलांची टोपली घेऊन बसायची. टोपलीले कोणाचा पाय लागला की शिव्या घालायची. बाजार तुटला, त्याच हिवाळ्यात ती वारली. पण आमचे पाय ऐकत नाईत. सुपरवायझर ओरडतो, "सरळ चालता येत नाई काय?"

काल परिषदेचे पाहुणे आले. गळ्यात बिल्ला घातलेला एक साहेब खांबाजवळून सरळ गेला अन् थबकला.

"इथे काय सांडलंय?"

त्यानं बूट उचलला. तळाले मोहाचं फूल चिरडून चिकटलं होतं. ओलं, ताजं. भर पौषात! मोहफूल तर चैत्रात पडते.

"पूस लवकर," सुपरवायझर माझ्यावर खेकसला.

मी फडकं घेऊन वाकली अन् खांबाकडे पाहून हळूच म्हटलं, "रुखमाबाई, सांडू दे अजून."