आत घेतलेली शिवण

मास्तरांच्या दुकानात खोटं बोलायची मुभा सगळ्यांना होती, फक्त टेपला नव्हती. "उद्या नक्की देतो," असं मास्तर दिवसातून दहा वेळा म्हणत आणि गिऱ्हाईकही समजून हसे. पण टेप छत्तीस म्हणाली की छत्तीस, मग समोर नवरी मुलगी असो नाहीतर तिची आई. तीस वर्षं कपडे शिवून मास्तरांनी हे एवढंच नाव कमावलं होतं, आणि ते त्यांनी बायकोच्या तीन ड्रेसांपायी घालवलं.

त्याचं असं झालं. मास्तरांची धाकटी मेव्हणी दीड वर्षापासून आजारी होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि मधले दिवस त्याचा थकवा काढायचा. थोरल्या बहिणीचं, म्हणजे मास्तरीणबाईंचं, मूत्रपिंड तिला जुळलं. दुसऱ्या कोणाचंच जुळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, मग मास्तरीणबाईंना पाहिलं आणि म्हणाल्या, "चार महिने देते. चौदा किलो उतरवून या. या वजनावर मी सुरीला हात लावणार नाही."

घरी येऊन बाई खुर्चीत बसल्या. पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "झालं. धाकटी गेली माझी," एवढंच म्हणाल्या.

बाईंच्या डोक्यात दोन वाक्यं घर करून होती. पहिलं आईचं: आपल्या घराण्याचं हाडच जड, उपाशी राहिलं तरी उतरायचं नाही. दुसरं खुद्द मास्तरांचं. बाईंनी विणायला घेतलेले स्वेटर बाहीपर्यंत येऊन थांबत, त्यावरून मास्तर चार लोकांत म्हणायचे, "देवानं सहा दिवसांत जग केलं. हिच्यावर सोपवलं असतं तर मंगळवारीच विश्रांती झाली असती." लोक हसत. बाईही हसत. विनोद चांगलाच होता, म्हणून तो वीस वर्षं टिकला.

चर्चमागच्या खोलीत पाळकीणबाई दर गुरुवारी संध्याकाळी वजन उतरवायचं असलेल्या चारपाच जणींना जमवत. बाई तिथे जाऊ लागल्या. जेवण निम्मं करा, चालणं दुप्पट करा, यात नवं काही नव्हतं. नवी होती ती वही. डाव्या पानावर, स्वतःबद्दल आपण वर्षानुवर्षं जे खरं धरून बसलोय ते लिहायचं. उजव्या पानावर, त्यावर देवाचं काय म्हणणं आहे ते. मास्तरीणबाईंनी डावं पान झटक्यात भरलं. उजव्याला अडल्या.

"शरीर देवाचं मंदिर आहे, ते लिहा ना," पाळकीणबाईंनी सुचवलं.

"ते नको. ते वाचलं की मंदिराची पडझड केली म्हणून कोणी रागावतंय असं वाटतं."

पाळकीणबाई दिलखुलास हसल्या. त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पुढे सरकवलं आणि शोधायला सांगितलं. बाईंनी पाऊण तास पानं चाळली आणि मग आपल्या शब्दांत लिहिलं: 'देव हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकत नाही. आणि हे काम त्यानं हाती घेतलंय, मी एकटीनं नाही.' ते पान त्यांनी घरी कपाटाच्या दारावर चिकटवलं. पाळकीणबाईंचा एक नियमही होता. हॉस्पिटलच्या तारखेपर्यंत काट्यावर उभं राहायचं नाही. रोज आकडा बघणारं माणूस शेवटी आकड्याचीच पूजा करतं, असं त्यांचं मत. कपडे सांगतील तेवढं पुरे. त्यांना काय माहीत, या घरी कपडे कोणाच्या हातात आहेत!

तिसऱ्या आठवड्यात निळा ड्रेस कंबरेवर ढिला पडलेला मास्तरांना दिसला. बेंगरूळ शिवण त्यांना बघवत नसे. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी ड्रेस मशीनवर घेतला, दोन्ही बाजूंनी अर्धं बोट आत टीप मारली आणि इस्त्री करून टांगला. यात पाप काहीच नव्हतं, होती ती सवय. रविवारी बाईंनी तो घातला, बाजूनं चाचपून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "जसाच्या तसा आहे हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण मास्तरांच्या डोक्यातही एक वाक्य होतं, ते कुठल्या वहीत नव्हतं. त्यांची आई साध्या ऑपरेशनला चालत गेली होती. जाताना म्हणाली होती, दुधाचं पातेलं झाकून ठेव. ती परत आली नाही. मास्तर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. टेबलावर गेलेलं माणूस येत नाही, ही गोष्ट त्यांच्यासाठी तेव्हाच ठरून गेली. आणि आता बायको, तीही धडधाकट, दुसऱ्यासाठी टेबलावर जाणार होती. वजन उतरलं नाही तर जाणार नव्हती. इतकं ते सोपं होतं.

मग करडा ड्रेस झाला, मग तपकिरी. दर बुधवारी बाई बहिणीबरोबर मशीनपाशी बसायला जात आणि मास्तर घरी मशीनवर बसत. बाई झिजत होत्या, ड्रेस त्यांच्या मागोमाग येत होते. शेजारणी म्हणत, "उतरलात हो!" बाई म्हणत, "तुमचं मन मोठं." जेवणाआधी मास्तर मोठ्यानं प्रार्थना करत: हे प्रभू, हिच्या प्रयत्नांना यश दे. आमेन म्हणताना त्यांचा आवाज जरा बसे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

अकराव्या आठवड्यात, भरदुपारी, बाई कपाटाच्या दारावरचं पान हातात घेऊन दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं.

"उद्या धाकटीला सांगून टाकते. दुसरं कोणी बघ म्हणावं."

"दुसरं कोण आहे?" मास्तरांच्या तोंडून गेलं.

"कोणी नाही. पण तिला आशेवर किती दिवस ठेवू? अडीच महिने झाले, निळा ड्रेस होता तिथेच आहे. आई म्हणायची ते खरं. आणि तुम्ही म्हणायचात ते तर त्याहून खरं. मंगळवारीच विश्रांती." त्या हसल्या आणि पान पुढे केलं. "हे टाकून द्या. मला फाडवत नाही."

मास्तरांना हवं होतं ते सगळं आयतं चालून आलं होतं. त्यांनी फक्त पान घ्यायचं होतं. पण आपलाच विनोद बायकोच्या तोंडून ऐकला आणि पहिल्यांदाच त्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"उभी राहा."

"आता कशाला?"

"उभी राहा म्हणतो ना."

त्यांनी टेप कंबरेभोवती घेतली. कोणीही बघावं असा आकडा होता. "एकोणचाळीस," मास्तर म्हणाले. "सुरुवातीला चव्वेचाळीस होती."

बाईंनी खाली वाकून टेप स्वतः वाचली. मग निळ्या ड्रेसकडे पाहिलं, जो तेव्हा त्यांच्या अंगावर होता. मास्तरांनी करडा ड्रेस आणून आतली बाजू उलटी करून त्यांच्यासमोर धरली. शिवणीत आत सरकत गेलेल्या चार टिपा एकीशेजारी एक दिसत होत्या. शिंप्याच्या बायकोला त्याहून जास्त सांगावं लागत नाही.

त्यांनी टिपांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जेवताना देवाला काय सांगत होता मग तुम्ही?"

"प्रार्थना खरी होती," मास्तर म्हणाले. "भीती पण खरी होती. तू आत गेलीस आणि आली नाहीस तर..."

"धाकटी गेली असती, अहो. माझ्या हातानं गेली असती, आणि मरेपर्यंत मी माझ्या हाडांना दोष देत बसले असते."

मास्तरांनी उसवणी घेतली आणि तिन्ही ड्रेसांच्या टिपा काढून टाकल्या. बाई तीन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. रविवारी निळा ड्रेस घालून चर्चला गेल्या, तो अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. मास्तरांनी हळूच म्हटलं, "जरा आत घेऊ का?" त्यावर बाईंनी अशी नजर टाकली की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. "मास्तर, दिव्याखाली अंधार वाटतं?" असं दारात कोणीतरी म्हणालं. मास्तरांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. मास्तरांनी डाव्या पानावर लिहिलं: 'टेबलावर गेलेलं माणूस परत येत नाही.' उजवं पान कोरंच राहिलं. त्यांनी शास्त्र उघडलं, मिटलं. "लिहीन, पण खोटं होईल," ते म्हणाले. बाईंनी आग्रह केला नाही. एका घरात तेवढं खोटं पुरे झालं होतं.

चौथा महिना संपला त्या दिवशी काट्यानं पंधरा किलो कमी दाखवले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि तारीख दिली, आणि सोबत सामानाची यादी. त्यात एक ओळ होती: घरी जाताना घालायला सैल कपडा, समोरून उघडणारा, कुशीला न काचणारा.

मास्तरांनी यादी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते मऊ सुती कापडासमोर कात्री धरून उभे राहिले. घरी येणाऱ्या बाईसाठी कपडा कापायचा, तर ती घरी येणार हे धरूनच कापावं लागतं. शिंप्याला दुसरा मार्ग नाही. कात्री सरळ गेली.

बाईंनी वही उघडली तेव्हा उजवं पान भरलेलं होतं. शास्त्रातलं वचन नव्हतं. मास्तर गिऱ्हाइकाची ऑर्डर लिहितात तशी ऑर्डर होती:

'गाऊन एक. समोरून उघडा. डाव्या कुशीला पट्टी मावेल इतका सैल. कंबर अडतीस. कोणाचा: बायकोचा. लागणार कधी: घरी येताना. नक्की.'

बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, शेवटचा शब्द दोनदा. मग पेन्सिल घेतली, अडतीस खोडलं आणि आतल्या खोलीकडे हाक मारली.

"अहो, टेप आणा. माप जुनं आहे. सदतीस झालीय."