तिसऱ्या पातळीची वैद्यीण

चष्मेवाल्याला कुणी चिक्कू म्हटलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण अंदाजपंचे काम करणारा म्हटलं असतं तर दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नसता. माणूस काचा घासणारा. काच अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे वीस वर्षं पाहिलेला. त्यामुळे रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या डोळे तपासायच्या खोलीत जो खेळ चालायचा, त्यातही त्याचा काटेकोरपणा सुटत नसे.

खेळ साधा होता. टेबलाभोवती चौघं बसायची, प्रत्येकाचं कागदावर एक पात्र. चष्मेवाला सूत्रधार. तो म्हणायचा, "समोर दरी आहे, पूल कुजलाय," की बाकीच्यांनी ठरवायचं काय करायचं ते. जमलं की फसलं, ते फासे सांगायचे. लढाई संपली की सूत्रधार अनुभवाचे गुण वाटायचा. हजार गुण झाले की पात्र एक पातळी वर. म्हणजे हाताला जास्त जोर, आणि मार खाऊनही उभं राहायची ताकद.

चौघांत एक होता बस चालवणारा ड्रायव्हर; त्याचं पात्र कुऱ्हाडवाला, आधी घाव घालणार आणि मग विचारणार की हा शत्रू होता का. दुसऱ्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना त्यांच्या वर्गात कधीही न बसलेली माणसंही बाईच म्हणत, त्यांची जादूगारीण. तिसरी चष्मेवाल्याची पुतणी, कॉलेजातली, खेळात कुलपं फोडणारी चोरटी. आणि चौथी पुतणीची आई, म्हणजे त्याची वहिनी. ती इस्पितळात नर्स, आणि खेळातही वैद्यीणच. "दुसरं काही येतंय कुठे मला?" असं ती म्हणायची.

गुण वाटायचा नियम चष्मेवाल्याने स्वतः बसवला होता. ज्याचा घाव, त्याला जास्त. जो हजर, त्यालाच. गैरहजर, शून्य.

या शून्यामागे एक कारण होतं, जे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी त्याने असाच खेळ मांडला होता. पहिल्या रविवारी आठ जण आले, महिन्याने पाच, मग दोन, आणि एका रविवारी तो, फासे आणि दोन तास उघडं ठेवलेलं दार. तेरड्याचा रंग तीन दिवस. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की माणसं गुण बुडू नयेत म्हणून येतात. लग्न त्याने केलं नव्हतं, गिऱ्हाइकं बोलायची ती नंबरापुरतं. आठवड्यातले हे तीन तासच काय ते त्याचे गप्पांचे. ते गेले तर रविवार कसा काढायचा, हे त्याला सुचत नसे.

वहिनीची ड्यूटी मात्र नियमांना जुमानत नव्हती. महिन्यातले दोन रविवार तरी ती वॉर्डात असायची. त्यातून जखमा बांधण्याला घाव म्हणत नाहीत, म्हणून हजर असली तरी तिच्या पदरात चिल्लर. दीड वर्षाने बाई सात हजार चारशेवर होत्या, ड्रायव्हर सात हजार दोनशेवर, पुतणी सहा हजार नऊशेवर आणि वहिनी तीन हजार शंभरावर. मग एका रविवारी गुहेतलं एक वटवाघूळ चावलं आणि वैद्यीण आडवी झाली. सहाव्या-सातव्या पातळीच्या माणसांनी जे हाताने झटकलं असतं, त्याने ती मरणाच्या दारात गेली. पुढचा पाऊण तास तिघांनी तिला उचलून गुहेबाहेर आणण्यात घालवला.

निघताना दारात बूट घालता घालता वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, पुढच्या रविवारी येते. त्यानंतर मात्र मला मोकळं करा."

"का हो वहिनी? काही चुकलं का?"

"रुसवा नाही हो. पण आठवडाभर मी लोकांना उचलत असते. रविवारी लोकांनी मला उचलावं, हे मला नाही बरं वाटत."

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. एक गेलं की पाठोपाठ दुसरं जातं, हे त्याने पाहिलं होतं. नियम बदलावा, तर घरी बसूनही गुण मिळतात म्हटल्यावर येईल कोण? न बदलावा, तर वहिनी चालली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मंगळवारी ड्रायव्हर दुकानात आला. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाला. स्क्रू चांगला घट्ट होता. मग तो काचेच्या कपाटातल्या फ्रेमा बघत बसला, हवेबद्दल बोलला, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला.

"अरे, ताकाला जाऊन भांडं का लपवतोस?" चष्मेवाला म्हणाला.

"आधी शब्द दे, कुणाला सांगणार नाहीस."

चष्मेवाल्याने शब्द दिला, आणि हीच पहिली चूक.

"माझे दोन हजार गुण ताईंच्या वैद्यिणीला टाक. मला पाचवी पातळी बास झाली. पण त्यांना कळता कामा नये, नाहीतर माझी सालटी काढतील."

चष्मेवाल्याने आपली नियमांची वही चाळली. गुण कसे मिळतात ते होतं, कसे बुडतात तेही होतं. दान करायचे नाहीत असं कुठेही नव्हतं. माणसं आपण होऊन गुण सोडतील, हे त्याला लिहिताना सुचलंच नव्हतं. त्याने दोन हजार फिरवले, आणि वैद्यीणही पाचव्या पातळीवर आली म्हणून त्याला फार बरं वाटलं.

गुरुवारी बाई आल्या. त्यांनी आधी शब्द घेतला, मग म्हणाल्या, "माझ्यातले दोन हजार वजा कर आणि तिच्यात मिळव. हातचा विसरू नकोस."

"बाई, आता तशी गरज नाहीये..."

"का नाही?"

आता काय सांगणार! ड्रायव्हरचा शब्द मोडायचा नव्हता. चष्मेवाल्याने मूग गिळले आणि दोन हजार वजा केले. शुक्रवारी पुतणीचा फोन आला. "काका, आईला सांगायचं नाही हं!" एवढं तिने म्हटलं आणि पुढचं सगळं त्याला कळलं. तिचे दीड हजार. फोन ठेवल्यावर त्याने आकडे पाहिले. ड्रायव्हर पाच हजार दोनशे, बाई पाच हजार चारशे, पुतणीही तेवढीच. आणि वैद्यीण आठ हजार सहाशे. करायला गेलो एक, झालं भलतंच, असं म्हणत तो नुसता वहीकडे बघत राहिला.

रविवारी त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येकाची पातळी चिठ्ठीवर लिहून, काचा ज्या छोट्या पाकिटांत येतात त्यांत घालून दिली. तिघांनी आपापलं पाकीट उघडलं आणि काहीच न झाल्याचा चेहरा केला. वहिनीने उघडलंच नाही. शेवटच्या दिवशी काय बघायचं?

दरीत आपल्या गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा होता. ड्रायव्हर ओरडत उठला, कुऱ्हाड घातली, फासा पडला. राक्षसाला खरचटलं.

"एवढंच?" बाईंनी भुवया उंचावल्या. "अरे, गेल्या वेळी असल्या घावात दोन आडवे केले होतेस."

"आज हात जरा दुखतोय," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही दाखवा बघू."

बाईंनी आगीचा गोळा सोडला. राक्षसाची मिशी तेवढी भाजली. पुतणीने मागून सुरी मारली, तीही वाकली. तिघं एकमेकांकडे अशी बघू लागली, जणू आपण सोडून बाकीच्यांनीच काही घोटाळा केलाय. राक्षसाने हात उगारला.

"मी मध्ये पडते," वहिनी शांतपणे म्हणाली. "माझी वैद्यीण नाहीतरी जायचीच आहे. तुम्ही पळा." तिने काठी उचलली आणि फासा टाकला.

चष्मेवाल्याने आकडा पाहिला, आठवी पातळी धरली, पुन्हा बेरीज केली. "राक्षस मेला," तो पडेल आवाजात म्हणाला.

"कशाने?"

"तुमच्या काठीने."

वहिनीने पाकीट फाडलं, चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठी घातली. "भाऊजी, हा काय प्रकार आहे?"

"मी शब्द दिलाय," चष्मेवाला म्हणाला.

"मला दिलास ना?" ड्रायव्हर, बाई आणि पुतणी एकदम बोलली, आणि बोलून बसल्यावर तिघांनाही उमगलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे तपासायच्या खुर्चीत नेऊन बसवावं लागलं.

वहिनी हसली नाही. "मी मागितले होते? सगळ्यांना निम्मं करून मला मोठं केलंत, तर मी काय आनंदाने नाचू? परत घ्या आपापले."

"परत घेऊन पुन्हा तेच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "चौघांचे मिळून चोवीस हजार सहाशे. भागिले चार, सहा हजार एकशे पन्नास. सगळ्यांना सारखे द्या, आणि इथून पुढेही सारखेच. कुणी येवो, न येवो."

"नाही!" चष्मेवाला एवढ्या जोरात ओरडला की टेबलावरचा फासा उलटला. "न येताही गुण मिळाले तर येईल कोण? एक रविवार हा येणार नाही," त्याने ड्रायव्हरकडे बोट केलं, "पुढच्या रविवारी बाई, आणि मग मी इथे एकटाच बसायचं का? पुन्हा?"

त्या 'पुन्हा'वर सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. जीभ चावावी असं त्याला वाटलं, पण निघायचं ते निघून गेलं होतं.

"वेडा आहेस का रे?" बाई शेवटी म्हणाल्या. "माझे दोन्ही गुडघे गेलेत. दोन बस बदलून येते मी. ते काय तुझ्या आकड्यांसाठी?"

त्याने प्रत्येकाच्या नावापुढे सहा हजार एकशे पन्नास लिहिलं, आणि वहिनीनेही पुन्हा जायचं नाव काढलं नाही. त्याला पटलं मात्र नव्हतं. गोड बोलायला काय जातं लोकांचं?

पुढच्या रविवारी तीन वाजता त्याने खुर्च्या मांडल्या. वहिनीची ड्यूटी होती, ती येणार नव्हतीच. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. त्याने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरून खाली वाचला आणि मग खालून वर. बघा, म्हणालो नव्हतो? असं तो स्वतःलाच म्हणाला, आणि बरोबर ठरल्याचा त्याला जराही आनंद झाला नाही.

पावणेचारला शटर खडखडलं. आधी पुतणी आत आली, हातात बाईंची पिशवी. मागून ड्रायव्हर, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन बाई. "यांचा गुडघा सकाळपासून धरलाय," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. "फोन करून म्हणतात, न्यायला ये. वजन बघा तरी!"

"वजनावर बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "त्या राक्षसाच्या गुहेत काय होतं ते कळल्याशिवाय मला झोप नाही. आठवडाभर वाट बघतेय."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने बाईंच्या पायाखाली स्टूल सरकवला आणि विचारलं, "कुठे होतो आपण?" तिघांनी एकाच वेळी तीन वेगळी उत्तरं दिली आणि भांडण जुंपलं.

पाच वाजून गेले होते तेव्हा वहिनी आली, वॉर्डातल्याच कपड्यांत.

"वहिनी! तुमचे गुण तर तसेही मिळणार होते."

"माहीत आहे," खुर्ची ओढत ती म्हणाली. "सरका जरा. कुणाला लागलंय का, ते आधी सांगा."

खेळ रंगला तो साडेसहापर्यंत. त्या दिवशी गुण वाटायचे राहूनच गेले. चष्मेवाल्याच्या ते लक्षात आलं बुधवारी, काच घासताना. बाकीच्यांच्या अजून आलेलं नाही.