मालकाचा रकाना

आमच्या नाशिकच्या ऑफिसात डेटाबेसवर लक्ष ठेवणारा नवा कन्सोल आलाय. क्लाउडवरचे सगळे डेटाबेस तो आपोआप शोधतो, म्हणे. शोधतो, पण नोंदवायचे मीच. प्रत्येकाचा पासवर्ड मागा, मालक विचारा. मालक म्हटलं की जो तो हात वर करतो.

संध्याकाळी एकच उरला, 'येवला-टेस्ट'. दिवसभरात त्यात एकही नोंद पडली नव्हती.

"टेस्टचा आहे, मेलाय कधीच. काढून टाक," किशोर सर लॅपटॉप मिटत म्हणाले.

डोळे नुसते चुरचुरत होते. काढून टाकणारच होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "योगिनी, येताना नारळ आण गं. अमावस्या आहे आज."

माझा हात थांबला. येवल्याकडची आमची कांदा व्यापारी गिऱ्हाइकं अमावस्येला वजनकाट्याला हात लावत नाहीत. मी कालचा दिवस उघडला. सकाळपासून वजनांच्या नोंदींची नुसती रीघ. टेस्ट म्हणून सुरू केलं आणि सगळा धंदा त्याच्यावरच चालू राहिला!

"सर, हा जिवंत आहे. मालक कोण लिहू?"

सर बॅग अडकवून दारात पोचले होते. "तुलाच सापडला ना? मग तुझंच नाव टाक."

रकाना रिकामा ठेवला तर नोंदणी पुढे सरकेना. टाकलं माझं नाव. आता काही बिघडलं की पहिला फोन मलाच.

घरी जाताना नारळ दोन घेतले. एक आमच्या दारासाठी, दुसरा येवला-टेस्टसाठी.