सातव्या कोठाराचं भूत

कॉल्डर्स फोर्कच्या डिस्टिलरीने दीडशे वर्षं गावाला आत घेतलं ते फक्त राबायला. आता मात्र तिकीट काढणाऱ्या कुणालाही आत घेऊन फिरवणार होते, आणि गाव त्याबद्दल उपकार मानत होतं. मेयरने फीत कापली. चर्चच्या बायकांनी बर्गूची, मटण-भाज्यांच्या दाट रश्श्याची, भलीमोठी कढई चढवली होती. ज्या मुकादमांना ते मेल्यावरही लोक शिव्या घालायचे, त्यांचे फोटो भिंतीवर हसत होते.

ऑर्व्हल क्रूम आला तो पुतणीसाठी. शिवणाचा कारखाना बंद पडल्यावर ड्रीमाला दोन वर्षं धड काम नव्हतं. आता ती इथे पाहुण्यांना फिरवायला लागली होती आणि पहिल्या फेरीचं फुकट तिकीट तिने काकाला दिलं होतं.

"काका, एक आधीच सांगून ठेवते," त्याला बाजूला घेऊन ती म्हणाली. "सातव्या कोठारात भुताची गोष्ट आहे. ती बाबांची आहे, 'हर्शकाका' म्हणून. शिकागोच्या ऑफिसने अपघाताच्या जुन्या अहवालातून उचलली. नको म्हणाले मी, पण तिथून आलेल्या व्हिटलो बाई म्हणतात, पाहुण्यांना भूत लागतंच."

"आणि तू सांगणार?"

"मग काय करू? खोटं थोडंच आहे? प्यायला होता म्हणून मेला. सगळ्या गावाला माहीत आहे." ती खांदे उडवून हसली. "निदान आता तरी पोरीच्या उपयोगी पडतोय."

ऑर्व्हलला तिथूनच माघारी फिरावं असं वाटलं, पण अंगात तेवढंही धैर्य नव्हतं. ते कधीच नव्हतं, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं होतं.

सातव्या कोठारात त्याने चौतीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. त्या प्रकारानंतर त्याने बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोठारांत पिंपं ढकलली. आत शिरताच तो ओळखीचा वास आला, ओल्या लाकडाचा आणि मुरत्या बर्बन व्हिस्कीचा. पाहुण्यांनी माना वर करून वाहवा केली.

ड्रीमा छान बोलत होती. पिंपं उतरत्या लाकडी रुळांवरून एकामागून एक कशी आत सोडतात, हे तिने दाखवलं. भरलेलं पिंप सव्वादोनशे किलोचं. ते गडगडत जाऊन जिथे थांबेल तिथे त्याचं बूच बरोबर माथ्यावर यायला हवं, नाहीतर वर्षानुवर्षं गळत राहणार. म्हणून ढकलण्याआधीच पिंप फिरवून बूच घड्याळाच्या काट्यासारखं ठरावीक जागी आणायचं. पाचवं पिंप असेल तर इतक्यावर, सहावं असेल तर तितक्यावर. मोजणीत एकाची चूक झाली की बूच गेलं खालच्या अंगाला.

"आणि ज्याचं चुकेल," ड्रीमा म्हणाली, "त्याच्या गळ्यात मुकादम दोरीला बांधून बूच अडकवायचा. आठवडाभर! दुकानात, चर्चमध्ये, सासुरवाडीला, सगळीकडे तसंच जायचं."

लोक हसले. ऑर्व्हलला हसू आलं नाही.

"आता आमच्या हर्शकाकाला भेटा." तिने आवाज खाली आणला. "एकोणीसशे एकोणनव्वद. हर्शकाकाला पिंपाशी गुजगोष्टी करायची सवय. एका शनिवारी कामाच्या वेळीच बूच काढलं, यथेच्छ ढोसली आणि तिथेच रुळांमध्ये ताणून दिली. वरून पिंपं आली. अजूनही शनिवारी इथे कुणीतरी उचकी देतं म्हणतात."

हशा पिकला. टोपीवाल्या एका गृहस्थाने विचारलं, "किती ग्लास झाले होते हो?"

"मोजायला शुद्ध होती कुठे त्याला!" ड्रीमा म्हणाली. बापाबद्दल बोलताना तिचा चेहरा जराही हलला नाही. सहा वर्षांची असल्यापासून तिला ही चेष्टा ऐकायची सवय होती.

"तो प्यायला नव्हता," ऑर्व्हल म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळ्या माना वळल्या.

"काका, नंतर," ड्रीमा दातांतून पुटपुटली.

"नंतर नंतर करतच चौतीस वर्षं गेली." त्याने रुळाची कड धरली. "चूक माझी होती. सहावं पिंप मी सातवं समजून लावलं. मागून आणखी तीन सोडली, तेव्हा ध्यानात आलं की बूच खाली गेलंय. खरं तर तिन्ही बाहेर ओढायला हवी होती. पण मुकादम येण्याच्या बेतात होता, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोराचं बारसं होतं चर्चमध्ये. गळ्यात बूच घालून कसा उभा राहणार? मी रडकुंडीला आलो. हर्शेल, माझा भाऊ, म्हणाला, 'रडतोस काय बायकांसारखा? मी खालून रुळांमध्ये शिरतो, पिंप खांद्याने फिरवतो. तू फक्त मागची तीन धरून ठेव.'"

कोठारात आता कुणी हसत नव्हतं.

"मी पाचर लावली. ती नीट बसली नव्हती. सुटली. तिन्ही पिंपं त्याच्यावर गेली आणि एक फुटलं. दोनशे लीटर बर्बन सांडली त्याच्या अंगावर. माणूस नखशिखान्त भिजलेला, वास येणार नाही तर काय? मुकादमाने विचारलं, 'प्यायला होता का रे?' आणि मी होकाराने मान हलवली." त्याने रुळाची कड सोडली. "एवढंच केलं मी. मान हलवली."

टोपीवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्याला साथ दिली. एका बाईने डोळे टिपले. "काय जिवंत केलं हो!" ती म्हणाली. "तुम्ही इथलेच नट का?"

व्हिटलो बाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्या लगबगीने पुढे आल्या, ऑर्व्हलचा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्टर क्रूम, तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत? भावाचा त्याग! भुतापेक्षा कितीतरी सरस. अकरा आणि दोनच्या फेरीला येऊ शकाल? मानधनाचं बघू आपण."

"मी गोष्ट नव्हतो सांगत, बाई."

"तेच तर! अगदी असंच सांगायचं."

लोक पुढे चाखायच्या दालनाकडे गेले. व्हिटलो बाईही त्यांच्यामागे गेल्या. कोठारात काका-पुतणी दोघंच उरली.

ड्रीमा ओरडेल, रडेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं होतं. यातलं काहीही झालं असतं तर तो सुटला असता. ती नुसती उभी राहिली, कोटाची बटणं लावत, काढत.

"आईने त्याचा एक फोटो ठेवला नाही घरात," ती म्हणाली. "दारुड्याची बायको म्हणून मान खाली घालून जगली. तेवीस वर्षं, काका. दर रविवारी तू आमच्याकडे जेवायचास. तिच्या हातची कोंबडी खायचास. ती म्हणायची, एक भाऊ वाया गेला, पण दुसरा देवमाणूस."

"सांगणार होतो, पोरी. दर रविवारी ठरवून यायचो."

"तिची शवपेटी तू खांद्यावर घेतलीस."

तो दाराकडे वळला.

"घरी जातो मी," तो म्हणाला. "पुन्हा तोंड नाही दाखवणार तुला."

"घरी?" तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "दोनची फेरी आत्ता येईल. तू इथेच थांबायचंस. मघाशी सांगितलंस ते सगळं सांगायचंस, शब्दही गाळायचा नाहीस. लोक टाळ्या वाजवतील. वाजवू दे. उद्या अकराला यायचंस, परवाही."

"ड्रीमा, किती दिवस?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

बाहेर तिच्या नावाने हाक आली. तिने ओढणीसारखा गुंडाळलेला स्कार्फ सरळ केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार उघडून नव्या पाहुण्यांना या, या म्हणाली. ऑर्व्हल रुळाशेजारी जाऊन उभा राहिला.